गुरुवारची टिपणे

धंदा काढलेला माणूस मरगळला की लोक त्याला दोनच गोष्टी विचारतात. शेवटची सुट्टी कधी घेतली होतीस? आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस? येणी किती अडकली आहेत, हे कोणी विचारत नाही. मी हल्ली आधी तेच विचारतो.

*

भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. वीज मंडळाने वार वाटून दिले तेव्हापासूनची ही पद्धत. बाकी पुणे त्या दिवशी चालू असते. मुले शाळेत, बायको ऑफिसला, आणि मालक घरी एकटा. ग्राहकाकडचा परचेसवालाही नेमका गुरुवारी फोन करतो. तरी कंप्रेसरचा आवाज नसतो, एवढ्या भांडवलावर वही उघडता येते. क्रम लावलेला नाही.

*

असोसिएशनच्या हॉलमध्ये प्रेरणेवर व्याख्यान झाले. वक्ते सूटमध्ये. तुमच्यातली आग शोधा, म्हणाले. मग सगळ्यांना उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या. टर्निंगवाले, प्रेसवाले, हीट ट्रीटमेंटवाले, पन्नाशीची माणसे, उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाहेर चहाला आलो तेव्हा पावडर कोटिंगवाला म्हणाला, "आग आहे हो. एलपीजीचं बिल दाखवू का?"

त्या दीड तासात खरे हसू आले ते तेवढेच.

*

न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस, संध्याकाळनंतर मोफत दवाखान्यात सेवा. तिथले उत्साही स्वयंसेवक काही महिन्यांत कसे विझतात ते त्यांनी पाहिले, स्वतःवरही अनुभवले, आणि १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. बर्नआउट हा शब्द तिथून रुळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली. आजार म्हणून दिली नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून दिली. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे.

मालकाच्या बाबतीत दुसरी खूण आधी दिसते, असे माझे निरीक्षण आहे. नवी चौकशी आली तरी कपाळाला आठी. ग्राहकाचे नाव मोबाइलवर झळकले की फोन उलटा ठेवायचा. ड्रॉइंग उघडायच्या आधीच मनात 'हा काही दर देणार नाही'. थकवा त्यानंतर येतो, कारण कडवट मनाने बारा तास काम करणे फार महाग पडते.

शिवाय नोकरदाराला राजीनामा तरी देता येतो. मालकाने बँकेत वैयक्तिक हमीवर सही केलेली असते आणि पुष्कळदा राहते घर तारण असते. 'सोडून देऊ का' हा विचार त्याला दिवसातून अनेकदा येतो आणि दर वेळी त्याच कागदावर आपटून परत येतो. त्या ये-जा करण्यातही बरीच शक्ती जाते. तिचा हिशेब कुठल्याच खात्यात दिसत नाही.

*

आधी रक्त तपासा. बी १२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत बी १२ कमी निघणे अगदी नेहमीचे, आणि त्याचा थकवा हुबेहूब 'मन लागत नाही' असाच असतो. व्हिजन बोर्डापेक्षा हे स्वस्त पडते.

*

आणि तपासण्या ठीक निघाल्या, तरी झोप उडालेली, जेवण नकोसे, कशातच रस नाही, असे आठवडे गेले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. कॅलिफोर्नियातले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल फ्रीमन यांनी २०१५ मध्ये उद्योजकांची पाहणी केली. त्यातल्या ४९ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झाल्याचे सांगितले. पाहणी अमेरिकेतली आणि लहान, त्यामुळे आकडा भोसरीला जसाच्या तसा लावू नये. पण आमच्या गल्लीत लेथचा स्पिंडल आवाज करू लागला तर माणूस दुपारपर्यंत बोलावतात, आणि स्वतःचे डोके वर्षभर आवाज करत असले तरी 'दिवाळीनंतर बघू'. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात. नंबर शॉपच्या नोटीस बोर्डावर लावला आहे. कामगारांसाठी, असे मी सांगितले.

*

आता पैशाचे.

समजा एक लाखाचे जॉबवर्क केले. अठरा टक्के जीएसटी धरून बिल एक लाख अठरा हजार. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खरेदीवरचे क्रेडिट वजा जाता कर भरायचा. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी २० तारखेचा संबंध नाही. पगार ७ तारखेला. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचे, त्यात ९० दिवसांहून जुनी येणी बँक सहसा धरत नाही. म्हणजे ग्राहकाने जितका उशीर करावा तितकी आपली उचलण्याची मर्यादाही आक्रसते. पैसे नसतात तेव्हाच बँकही हात आखडता घेते. यात कोणाचा दुष्टपणा नाही, गणितच तसे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा २००६ मधला: लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, करार असेल तरी फार तर ४५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. तक्रारीला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टलही आले. पण चालू ग्राहकावर तक्रार करणारा लघुउद्योजक मी अजून पाहिलेला नाही. तक्रार करतात ती काम बंद झाल्यावर, भांडण पुरते पेटल्यावर. पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते ना.

आयकर कायद्यातले ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या खर्चाला लागू झाले, तेव्हा जरा हालचाल झाली. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये जुनी बिले आपोआप निघाली. त्याच मार्चमध्ये एका खरेदीदाराने 'तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का?' असेही विचारले. अगदी गोड आवाजात.

*

वसुलीचे फोन मी करणे बंद केले. ऑफिसमधल्या मॅडम मंगळवारी करतात. मी फोन करायचो तेव्हा आधी तब्येत विचारायची, मग मुलाच्या अ‍ॅडमिशनचे, मग शेवटी चाचरत 'ते जरा आपलं...'. समोरचा म्हणायचा, "बघतो साहेब." मॅडम बिल नंबर, तारीख, रक्कम वाचतात आणि गप्प बसतात. पलीकडच्यालाच काहीतरी बोलावे लागते. येणी काही चमत्काराने उतरली नाहीत. पण माझे उरलेले सहा दिवस त्या मंगळवारपासून सुटले.

आपल्या कष्टाचे पैसे मागताना मालकाला उपकार मागितल्यासारखे वाटते, हे मला धंद्यात पडायच्या आधी कोणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता.

*

सोइचिरो होंडा यांची गोष्ट व्याख्यानांत फार चालते, पण तिचा चुकीचा तुकडा चालतो.

युद्धाआधी त्यांनी पिस्टन रिंग करायला घेतल्या. रिंग जमेनात. धातूशास्त्र येत नाही हे कळल्यावर हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत, तिशीत, वर्गात जाऊन बसले. टोयोटाला दाखवलेल्या पहिल्या ५० रिंगांपैकी तीनच पास झाल्या. हा तुकडा सगळे सांगतात: चिकाटी. पुढे कारखाना उभा राहिला, युद्धात बाँबहल्ल्यात एक प्लँट गेला आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात दुसरा कोसळला. युद्ध संपल्यावर उरलेला धंदा त्यांनी टोयोटाला ४ लाख ५० हजार येनना विकला आणि वर्षभर काही करणार नाही असे जाहीर केले. अल्कोहोलचा पिंप आणून घरी दारू केली, मित्रांना पाजली, शाकुहाची ही बांबूची बासरी वाजवत बसले. हा तुकडाही हल्ली सांगतात: ब्रेक घ्या.

ब्रेक घेण्यासाठी हातात साडेचार लाख येन होते आणि डोक्यावर पगारपत्रक नव्हते, हे सांगत नाहीत. ज्याचे शटर उद्या सकाळी उघडायचेच आहे त्याने होंडांच्या बासरीकडून काही शिकू नये.

मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९४६ मध्ये त्यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस सेटचा जनरेटर चालवणारे एक टाकाऊ इंजिन लागले. सायकलला जोडले तर? पेट्रोलची टाकी म्हणून घरातले, अंथरुणात ऊब घ्यायला वापरतात ते गरम पाण्याचे भांडे लावले. बायको साची हिने ती सायकल चालवून पाहिली. वर्षभर सुस्तावलेला माणूस पुन्हा गॅरेजमध्ये घुसला तो ध्येय ठरवून घुसला नाही. एक वस्तू हातात आली, आणि ती संध्याकाळपर्यंत चालते की नाही हे कळणार होते.

आणि १९४९. ताकेओ फुजिसावा आले. त्या आधीच्या वर्षी होंडा मोटर स्थापन झाली होती आणि पैशाची ओढाताण चालू होती. दोघांनी काम वाटून घेतले: यंत्र होंडांचे, पैसा आणि विक्री फुजिसावांची. कंपनीचा शिक्काही फुजिसावांच्याच ताब्यात. जपानमध्ये शिक्का म्हणजे सही. स्वतःच्या नावाच्या कंपनीची सही दुसऱ्याकडे देऊन हा माणूस चोवीस वर्षे इंजिनांत रमला. १९७३ मध्ये दोघे एकदमच निवृत्त झाले.

*

आमचे मिस्त्री माण तालुक्यातले. वयाने माझ्याहून मोठे, पण मला साहेब म्हणतात, मी त्यांना काका म्हणतो. परवा एक ऑपरेटर आला नाही आणि बुशचा अर्जंट लॉट होता. मी जुन्या लेथवर उभा राहिलो. बोअरला वीस मायक्रॉनचा टॉलरन्स. पहिले दोन तुकडे काकांनी बोअर गेजने बघितले आणि न बोलता स्क्रॅपच्या पेटीत टाकले. तिसरा बसला. दुपारपर्यंत लॉट झाला, टेम्पो गेला.

"आज साहेब जेवले," काका हेल्परला म्हणाले. डबा रोज अर्धा परत जातो हे त्यांनी पाहिले असणार.

लेथवर उभे राहणे हे मालकाचे काम नाही, हे मला मान्य आहे. ताशी दर काढला तर तो शुद्ध तोटा आहे. पण कोटेशनचे उत्तर तीन महिन्यांनी, कर्जाचे दोन महिन्यांनी, नव्या पार्टच्या मंजुरीचे सहा महिन्यांनी, आणि कधी कधी कुठलेच नाही. बोअरचे उत्तर मिनिटात मिळते: बसला किंवा नाही. आठवडाभर उत्तरेच न मिळालेल्या माणसाला एवढे पुरते. आता शनिवारी सकाळचे दोन तास मी मशीनवर असतो. डेव्हलपमेंटचा तुकडा असेल तर उत्तमच.

*

किर्लोस्करांचा नांगर सर्वांना माहीत आहे. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात, खप व्हायला फार वाट पाहावी लागली, वगैरे. मला कुंडल रोडची गोष्ट जास्त वाचावीशी वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे तोवरचे आयुष्य दारे बंद होण्याचेच होते. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून ती सोडली आणि यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग नांगर. बस्तान बसते आहे तोच वस्ती वाढवायची म्हणून नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. चाळिशीतला माणूस, पुन्हा बिनजागेचा.

औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. जमीन म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली.

या प्रसंगात लक्ष्मणरावांनी उमेद कुठून आणली, असे लोक विचारतात. मी माणसांची यादी बघतो. वसाहतीची आखणी आणि कारभार भाऊ रामूअण्णांकडे. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. इंजिन आणि ओतकाम शंभूराव जांभेकरांकडे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. ओसाड माळावर उतरलेल्या माणसाला झोपडी कुठे घालायची, मजुरी किती चुकती झाली, पाणी कुठून आणायचे, हे सगळे एकट्याने ठरवायचे नव्हते. म्हणून त्याच्या डोक्यात यंत्राला जागा राहिली. राजेसाहेबांचे दहा हजार मोठेच, पण रेग्यांचा भाव आपण कमी लावतो.

*

लिज्जत: १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. तिथे संस्थापक थकली तर काय, हा प्रश्न उभा राहत नाही, कारण सगळ्याच भगिनी मालक. आपल्याकडे प्रोप्रायटरशिपच्या लेटरहेडवर एकच नाव असते आणि ते आपण ठळक टायपात छापून घेतो.

*

वाहन उद्योगातला एक ग्राहक सोडला. पोलाद वर, मजुरी वर, वीज वर, आणि दर वर्षी 'कॉस्ट डाउन' म्हणून भाव थोडा खाली. रिजेक्शनची डेबिट नोट महिना उलटल्यावर यायची, माल परत न येता. उलाढालीत तो मोठा होता म्हणून वर्षानुवर्षे हात लावला नव्हता. सीएकडे बसून त्या एका ग्राहकाचा वेगळा हिशेब काढला: मशीनचे तास, ओव्हरटाइम, टेम्पोच्या जादा फेऱ्या, अडकलेल्या पैशावरचे व्याज. त्याला माल देण्यासाठी आम्हीच पैसे मोजत होतो.

पत्र लिहिले, तीन महिन्यांची नोटीस दिली. त्या आठवड्यात भीती वाटली. एक व्हीएमसी मशीन रिकामे दिसू लागले ते बघवत नव्हते. हप्ता तर चालूच. पण सकाळी उठल्यावर छातीवर जे बसलेले असे ते त्या पत्रानंतर नव्हते. उलाढाल घटली आणि मालक टवटवीत झाला, हे बँकेच्या रिन्यूअलच्या फॉर्मात कुठे लिहायचे कळत नाही. मॅनेजरने तर खेदच व्यक्त केला.

*

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही घरी येऊन दमलो म्हणत नाही, 'काय सांगू' म्हणता. दमलो म्हणा की. चहा तरी करता येतो."

*

खंडेनवमीला मशीन पुसून, झेंडू लावून झाले की कामगारांच्या घरची मंडळी येतात. मुले विचारतात, यातून काय निघतं? बापाला त्या दिवशी उत्तर देताना बघावे. माझ्या ड्रॉइंगमधला पार्ट कुठल्या पंपात बसतो हे आमच्या एका ऑपरेटरने मुलीला इतके नेमके सांगितले की मी मागे उभा राहून ऐकले. मला कोणी बरेच दिवसांत विचारलेच नव्हते.

*

फुजिसावा पगारावर मिळत नाहीत. लघुउद्योगाला परवडेल असा एक सुपरवायझर मिळतो, डिप्लोमावाला, तिशीतला, अधूनमधून दुबईच्या जाहिराती बघणारा. त्याला पंचवीस हजारांपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करायला सांगितले. पहिले दोन महिने तो प्रत्येक बिल मला विचारायला यायचा. तिसऱ्या महिन्यात यायचा थांबला, आणि माझे हात शिवशिवू लागले. रात्री टॅलीत जाऊन मी त्याची खरेदी बघतो. हे त्याला माहीत नाही. बहुधा असावे.

गेल्या आठवड्यात त्याने कटिंग टूलचे इन्सर्ट आणले, आपण नेहमी आणतो त्याहून बरेच महाग. मी बिल पाहिले, बोललो नाही. काकांना विचारले तर म्हणाले, "टिकतंय जास्त. पण किती, ते पेटी संपल्यावर सांगतो." पेटी अजून संपायची आहे. महाग ठरले तर त्याला बोलायचे की नाही, हे अजून माझे ठरलेले नाही.